संध्याकाळचा स्वयंपाक कोणाकडे?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो. माझी पाळी कायम सकाळची असल्याने दुपारी साडेचारपर्यंत मी घरी येतो. पत्नी बँकेत आहे. दिवसाचे हिशेब मिटवून, बस पकडून घरी यायला तिला साडेसात-पावणेआठ होतात आणि आल्या आल्या ती स्वयंपाकाला लागते. मला चहा आणि ऑम्लेट यांपलीकडे काही करता येत नाही. मी भाजी चिरून देतो, मुलीचा अभ्यास घेतो, सांगेल ते काम करतो. तरीही ‘प्रत्येक गोष्ट सांगावी लागते’ अशी तिची तक्रार असते. मी केलेले काम ती पुन्हा करते, तेव्हा मला वाईट वाटते. मला मनापासून शिकायचे आहे. सुरुवात कशापासून करावी?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तुम्ही साडेचारला घरी असता आणि तुमच्या पत्नी साडेसातनंतर येतात, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक संपूर्णपणे तुमच्याकडे असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यात ‘संपूर्णपणे’ याला महत्त्व आहे. भाजी कोणती करायची हे पत्नीने ठरवायचे, ती संपत आली आहे हे त्यांनीच लक्षात ठेवायचे आणि तुम्ही ती चिरून द्यायची, अशी वाटणी झाली तर हात तुमचे चालतात, पण डोके त्यांचेच अडकून राहते. त्यांची तक्रार नेमकी याविषयी आहे आणि ती रास्त आहे.

मटकीच्या उसळीचे उदाहरण घ्या. उसळ फोडणीला टाकून शिजायला जेमतेम अर्धा तास लागतो, पण बुधवारी रात्री उसळ हवी असेल तर मंगळवारी रात्री मटकी भिजत घालावी लागते, बुधवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी लागते, आणि थंडीचे दिवस असतील तर मोड यायला आणखी वेळ लागेल हे धरून चालावे लागते. विरजण लावणे, गहू दळून आणणे, सिलिंडर नोंदवणे, उद्याच्या डब्याला काय द्यायचे ते आज ठरवणे, ही कामे कोणाला दिसत नाहीत. ती राहून गेली म्हणजे मात्र सगळ्यांना दिसतात. तुम्ही रात्रीचे जेवण अंगावर घेतलेत की त्यामागची ही जुळवाजुळवही तुमची झाली पाहिजे. शनिवारी रात्री बसून पुढच्या पाच रात्रींचा बेत कागदावर लिहा, तो फ्रिजवर लावा आणि त्यावरून किराण्याची व भाजीची यादी स्वतः करा. पहिल्या आठवड्यात पत्नीला विचारून लिहायला हरकत नाही, पण महिन्याभरात ती यादी विचारल्याशिवाय तयार व्हायला हवी.

ही वाटणी केवळ तुमच्या घरात बिघडलेली आहे असे नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के, तर पुरुषांपैकी २६.१ टक्के व्यक्ती विनामोबदला घरकाम करताना आढळल्या. त्यातही जे करतात त्यांच्यात स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईसंबंधीच्या एका निकालात गृहिणीच्या कामाचे आर्थिक मोल धरताना याच आकड्यांचा आधार घेतला. तुमच्या पत्नी तर पगाराचा पूर्ण दिवस संपवून ही मिनिटे भरत आहेत.

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी. वरण-भातापासून सुरुवात करा, कारण कुकरमध्ये दोन्ही एकदम होतात आणि त्यावर कुठलीही साधी भाजी केली की जेवण पुरे होते. भाताचे साधारण प्रमाण एका वाटीला दोन वाट्या पाणी असे आहे. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडे वाढवावे आणि नवा असेल तर कमी करावे. एक वाटी तूरडाळ धुऊन, जमल्यास अर्धा तास भिजवून, तिच्यात अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब घालावेत. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, त्यात जाळी, त्यावर डाळीचा डबा आणि वर भाताचा डबा अशी मांडणी करावी. झाकण लावण्यापूर्वी त्यावरील वाफेचे भोक मोकळे आहे ना, हे दर वेळी न चुकता पाहावे. वाफ कोंडली की आतील पाणी शंभरऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, आणि म्हणूनच एरवी तासभर घेणारी डाळ इतक्या लवकर शिजते. तीन-चार शिट्ट्या झाल्यावर आच बारीक करून पाच मिनिटे ठेवा, गॅस बंद करा आणि मग कुकरला हात लावू नका. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडली की डाळ उसळून डब्याबाहेर येते आणि कण्या राहण्याचाही संभव असतो. वाफ आपोआप जिरेपर्यंत आत शिजणे चालूच असते.

कुकरची वाफ जिरेपर्यंत भाजी होते. कोबी, दुधी आणि बटाट्याच्या काचऱ्या या तीन भाज्या आधी हाताखालून जाऊ द्या, कारण त्या नवख्या माणसाला सांभाळून घेतात. भेंडी आणि कारले नंतर. या सगळ्यांत खरे शिकण्यासारखे काही असेल तर ती फोडणी. तेल तापले की मोहरी घालावी आणि ती पूर्ण तडतडेपर्यंत थांबावे, नाहीतर ती दाताखाली कडू लागते. मग आच कमी करून जिरे, हिंग, कढीपत्ता आणि सर्वांत शेवटी हळद घालावी आणि लगेच भाजी टाकावी; करपलेल्या हळदीचा कडवटपणा पुढे कशानेही जात नाही. एवढे हाताला बसले की त्याच वरणाला फोडणी देऊन, गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून आमटी करता येते. म्हणजे आठवड्याचे निम्मे बेत तुमच्या हाती आले.

पोळ्यांचा आग्रह पहिले दोन-तीन महिने धरू नका. तुमच्या भागात पोळी-भाजी केंद्रे भरपूर आहेत. तिथून पोळ्या आणण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. रविवारी, वेळेची घाई नसताना, कणीक मळायला बसा. दोन वाट्या कणकेला पाऊण ते एक वाटी पाणी थोडे थोडे घालत मळावी आणि वीस मिनिटे झाकून मुरू द्यावी, म्हणजे लाटताना ती फाटत नाही. पहिल्या पोळ्या वाकड्यातिकड्या होतील. त्या तशाच खाव्यात.

उरलेल्या भाताबद्दल मात्र काटेकोर राहा. तो रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. शिजवल्यावरही तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात, ते उबेत वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. वेळेवर फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करता येईल.

पत्नी तुमचे काम पुन्हा करतात, त्याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे काम खरोखरच अर्धे राहिलेले असते: भाजी झाली, पण शेगडीवर तेल उडालेले आहे, ओटा तसाच आहे, मोरीत भांडी पडली आहेत. ओटा पुसून, फडके धुऊन वाळत घातल्यावरच स्वयंपाक झाला असे धरा, म्हणजे हे कारण उरणार नाही. दुसरे कारण सवयीचे आहे. इतकी वर्षे एका हाताने चाललेले स्वयंपाकघर दुसऱ्याच्या पद्धतीने चाललेले पाहणे सोपे नसते. त्यासाठी दोघांनी निवांत बसून तेल, मीठ-तिखट आणि स्वच्छता यांबाबत जे ठरवायचे ते ठरवावे. बटाट्याच्या फोडी किती मोठ्या असाव्यात आणि डबा कोणत्या फळीवर ठेवावा, हे मात्र त्या दिवशी जो स्वयंपाक करतो त्याच्यावर सोडावे. हे पत्र तुमच्या पत्नीनेही वाचावे. त्या घरी आल्यावर काही दिवस स्वयंपाकघरात न जाता मुलीजवळ बसल्या, तर तुम्ही अधिक लवकर शिकाल.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. पती रोज रात्री भांडी घासतात आणि रविवारचा स्वयंपाक करतात. सासूबाईंना ते पाहवत नाही. त्या मध्येच उठून त्यांच्या हातातली भांडी घेतात. मग मला अपराधी वाटते आणि मी उठते. सासूबाई सत्तरीच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही उठू नये. तुम्ही उठलात की पतीचे काम तुमच्याकडे येते आणि सासूबाईंच्या मनातील समजही पक्का होतो. याविषयी बोलायचे ते तुमच्या पतीने, आणि तेही तुम्ही समोर नसताना. ‘आई, हे माझे काम आहे, मी ते आवडीने करतो, तू उठलीस की मला तुझ्या गुडघ्यांची काळजी वाटते,’ इतके त्यांनी प्रेमाने आणि ठामपणे सांगावे, आणि सासूबाईंनी भांडे धरले तरी ते हातातून सोडू नये. सुनेच्या तोंडून हेच वाक्य उलट उत्तर ठरते.

सासूबाईंवर रागावू नका. ज्या काळात मुलगा मोरीवर बसला तर चार बायका नाव ठेवत आणि ते नाव त्याच्या आईलाच लागत असे, त्या काळात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्याच काळात लग्नकार्यात आणि गावजेवणात शेकडो माणसांचा स्वयंपाक पुरुष आचारी करत आणि पंगतीत वाढपीही पुरुषच असत, याची आठवण पतीने त्यांना जरूर करून द्यावी. पुरुषाने चुलीशी उभे राहणे त्यांना अनोळखी नाही, घरात तसे पाहण्याची सवय नाही इतकेच.

रविवारच्या स्वयंपाकात त्यांना बसून करण्याजोगे काम द्यावे. मेथी निवडणे, लसूण सोलणे हे आहेच, पण त्याहून चांगले म्हणजे मुलाने त्यांच्याकडून एखादा पदार्थ शिकून घ्यावा: पिठल्यात गुठळ्या न होऊ देणे किंवा थालीपिठाची भाजणी भाजणे या गोष्टी पुस्तकापेक्षा त्या अधिक चांगल्या सांगतील. आणि पाहुणे आले म्हणून घरातील कामाची वाटणी बदलू नका. त्या दिवशीही जेवणानंतर पती नेहमीप्रमाणे भांड्यांकडे वळले, तर सासूबाईंना सुरुवातीला अवघड वाटेल. म्हणून पहिल्या वेळी त्यांच्या सवयीची, जवळच्या नात्यातली माणसे घरी असतील असे पाहावे.