‘बाहेर जा’ म्हटलं की तो सुटायचा

एका आईने अलीकडेच विचारलेला प्रश्न थोडा आटोपशीर करून देते. “मुलगा सातवीत आहे. चौथी-पाचवीपर्यंत बरा होता. आता शाळेतून रोज तक्रार. वर्गात आवाज काढतो, दुसऱ्यांच्या वह्या लपवतो, बाईंना उलट बोलतो. पुस्तक उघड म्हटलं की याचं डोकं दुखतं. मारून झालं, समजावून झालं, मोबाईल काढून घेऊन झाला. पुढच्या वर्षी आठवी. शाळा बदलू का? की गावाकडे होस्टेलला टाकू?”

पहिल्या चाचणीचे पेपर घरी गेले की दरवर्षी माझ्याकडे या प्रश्नाची रांग लागते. सरळ उत्तर देण्याऐवजी ओंकारबद्दल सांगते. नाव अर्थातच बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.

नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळची मराठी माध्यमाची शाळा, २०२४ सालचा ऑगस्ट. शिपाई मावशींनी ओंकारला दंडाला धरून माझ्या खोलीत आणून सोडलं. या खोलीला मुलं ‘तक्रार-खोली’ म्हणतात. मी पाटीवर ‘संवाद कक्ष’ असं लिहून घेतलं होतं, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. ओंकार खुर्चीत बसला, पंख्याकडे बघत म्हणाला, “मॅडम, किती वेळ बसायचंय? तास संपेपर्यंत ना?” आवाजात भीती नव्हती. खरं सांगायचं तर जरा निवांतपणाच होता. तो माझ्या तेव्हा लक्षात यायला हवा होता, आला नाही.

मी काय केलं, तर ‘चांगल्या वागणुकीचं कार्ड’ काढलं. प्रत्येक तासाला एक चौकोन, नीट वागला की तारा, आठवड्याला पंचवीस तारे झाले की बक्षीस म्हणून मैदानावर जादा वेळ. कागदावर ही योजना फार गोड दिसते. पहिल्या आठवड्यात चित्रकला, पीटी आणि कार्यानुभवात तारे, मराठी आणि इतिहासात फुल्या. दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात कार्डाचं विमान झालं आणि ते दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून थेट मुख्याध्यापकांच्या स्कूटरवर उतरलं.

त्या विमानाने मला जागं केलं. मी वर्गशिक्षिकांकडून त्याची सूचना-वही मागवली. जूनपासून तेवीस शेरे होते, सगळे लाल पेनाने. वर्गाचं वेळापत्रक शेजारी ठेवून एकेक शेरा कुठल्या तासाचा आहे ते लिहीत गेले. मराठी आठ, इतिहास सहा, इंग्रजी चार, विज्ञान तीन, गणित दोन. गणिताचे दोन्ही शेरे शाब्दिक उदाहरणं घेतली त्या दिवसांचे. पीटी, चित्रकला, शून्य.

मग मराठीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. बाई ओळीने एकेकाला उभं करून धडा वाचून घेत होत्या. अठ्ठावन्न मुलांच्या वर्गात तेवढंच जमतं, त्यांना दोष नाही. ओंकार अगदी शांत होता. वाचणारा पोरगा त्याच्यापासून चार बाकांवर, तीन बाकांवर, आणि दोन बाक राहिले तेव्हा कंपासपेटी दाणकन खाली पडली. कर्कटक, पेन्सिली, पट्टी सगळीकडे. पोरं हसली. बाई म्हणाल्या, “झालं याचं सुरू. ओंकार, बाहेर जा!” तो उठला, आणि दारातून बाहेर पडताना त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले.

वर्गाबाहेर उभं करणं ही आपण देत होतो ती शिक्षा. त्याच्या बाजूने ती रोजची सुटका होती, आणि ती आम्हीच त्याला नियमितपणे देत होतो. माझ्या खोलीत बसवणं हा तर त्याहून आरामाचा प्रकार, वर पंखा.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं आणि मराठीच्या पुस्तकातला झालेला एक धडा वाचायला दिला. खाडखाड वाचला. मी मधेच म्हटलं, “थांब, पान उलट.” पान उलटलं, पण तोंडातून मागच्याच पानाची वाक्यं येत राहिली. धडा पाठ होता, वर्गात पन्नास वेळा ऐकून. मग मी दुसरीच्या पातळीची, त्याने कधी न पाहिलेली एक छोटी गोष्ट समोर ठेवली. पहिल्या ओळीत ‘सूर्य’ होता. तो थांबला. ‘सुर... सुरय...’ कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग हळूच म्हणाला, “मॅडम, वर्गात नका सांगू.”

तपासणी करताना चित्र स्पष्ट होत गेलं. अक्षरं येत होती. काना-मात्रा बऱ्यापैकी. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत गोंधळ, आणि जोडाक्षर आलं की गाडी बंद. विशेषतः ‘र’: ‘प्रकाश’मधला, ‘सूर्य’मधला, ‘राष्ट्र’मधला, तिन्ही ठिकाणी तो वेगळा दिसतो. सातवीच्या पुस्तकांत असे शब्द प्रत्येक ओळीत. तिसरी-चौथीपर्यंत लहान वाक्यं आणि चित्रं असल्यामुळे पाठांतरावर निभावतं. पुढे इतिहास, भूगोल, विज्ञान सगळंच वाचून समजून घ्यायचं असतं आणि दर तासाला नवे शिक्षक. प्रत्येकाला आपापला पस्तीस मिनिटांचा ओंकार दिसतो, पूर्ण ओंकार कुणालाच नाही. ‘पाचवीपर्यंत बरा होता’ असं आई म्हणते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. तो तेव्हाही अडखळत होता, फक्त ते झाकता येत होतं.

आणि वर्षांचा हिशेब मांडला तर मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा दुसरीत होता. जोडाक्षरं पक्की व्हायची ती वेळ. तिसरीचं अख्खं वर्ष वडिलांच्या फोनवर, तोही वडील ड्यूटीवरून आले की.

आईला बोलावलं. त्या कंपनीतल्या कामगारांना डबे पुरवतात. मी वाचनाचं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. “माझा सगळा हिशेब हाच ठेवतो मॅडम. कुणाला भाकरी, कुणाला चपाती, कुणाचे किती पैसे बाकी, तोंडपाठ!” मी विचारलं, ऑर्डरी येतात कशा? “व्हॉट्सअ‍ॅपवर. पण हा सगळ्यांना सांगतो, लिहू नका, बोलूनच पाठवा.” हे म्हणाल्या आणि स्वतःच गप्प झाल्या.

वडील दोन दिवसांनी, रात्रपाळी करून थेट शाळेत. डोळे तांबारलेले. पहिलंच वाक्य, “तुम्ही बिनधास्त ठोका त्याला, आमची काही तक्रार नाही.” हे वाक्य मी शेकडो बापांकडून ऐकलंय, त्यात माया असते यावर माझा विश्वास आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे हे त्यांना सांगितलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मारून रफार वाचता येत नाही. त्यांनी मान हलवली. मी जादा तासाच्या परवानगीचा कागद पुढे केला. “चष्मा विसरलो, तुम्हीच वाचून दाखवा.” वाचून दाखवला, त्यांनी सही केली. ते गेल्यावर ओंकार सहज म्हणाला, “पप्पांना चष्मा नाहीये.”

वाचनाची अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. मी तो विषय तेव्हा काढला नाही. काही गोष्टी कळल्या तरी खिशात ठेवायच्या असतात.

आता काम. आधी डोळे आणि कान तपासून घेतले, दोन्ही ठीक निघाले. ही पायरी कृपा करून गाळू नका. फळ्यावरचं न दिसणारी मुलं ‘लक्ष देत नाही’ या सदरात वर्षानुवर्षं बसलेली मी पाहिली आहेत. ओंकारला एक क्लासही होता, पण तिथे सातवीचेच प्रश्न आणि ‘अपेक्षित’मधली उत्तरं उतरवून घ्यायचे. पाया दुसरीत अडकलेल्या मुलाला सातवीचं पुन्हा एकदा शिकवलं तर त्याला तेच पुन्हा एकदा येत नाही. क्लास बंद केला, त्याच पैशात आणि वेळात दुसरं सुरू झालं. शाळेच्या शेजारी एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका राहतात, सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. परिपाठाच्या आधी पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, त्या ओंकार आणि आणखी तिघांना घेऊन बसू लागल्या. एकटा असता तर तो आला नसता.

पहिल्या दिवशी त्यांनी बदक-बेडकाच्या चित्रांचं पुस्तक आणलं आणि ओंकारने ते बोटाने बाजूला सारलं. तेरा वर्षांच्या मुलाला बदक देणं म्हणजे अपमान. मग सामग्री बदलली: क्रिकेटच्या बातम्या, मोटारसायकलच्या जाहिराती, आईचं डब्यांचं दरपत्रक. जोडाक्षर आलं की पेन्सिलने शब्द फोडायचा, प्र-का-श, राष्-ट्र, मग जोडून म्हणायचा. साधारण शंभर शब्दांचा एकच उतारा तीन-चार दिवस परत परत वाचायचा. दरवेळी बाई घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द झाले आणि किती चुकले ते मोजायच्या, आणि तो आकडा ओंकार स्वतः आलेख-वहीवर मांडायचा. पहिला ठिपका एकतीसवर होता. तो ठिपका बघून तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, “शेजारच्याचा किती?” बाईंनी वही झाकली. “तुझा तुझ्याशी.”

वागणुकीचं काम याच्या जोडीने. मुख्य गोष्ट एकच होती, त्याची सुटका व्हायचा रस्ता बदलायचा. मराठी आणि इतिहासाच्या बाईंशी बोलून ठरवलं की त्याला अचानक उभं करायचं नाही. आदल्या दिवशी सांगायचं, “उद्या तिसरा परिच्छेद, पहिल्या चार ओळी तुझ्या.” तो त्या घरी तयार करून येई. अगदीच जमत नसेल तर कंपासपेटी उलटी ठेवायची, बाई त्याला टाळून पुढे जातील, कुणाला कळणार नाही. दांडगाई केली तर मात्र वर्गाबाहेर पाठवायचं नाही, माझ्याकडे तर नाहीच. वर्गातच ठेवायचं, आणि राहिलेल्या त्या चार ओळी मधल्या सुट्टीत बाईंना एकट्याने वाचून दाखवायच्या. इतिहासाच्या बाईंना हे लाड वाटले. “बाकीच्या सत्तावन्नांनी काय पाप केलंय?” प्रश्न रास्त होता. माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, एवढंच म्हटलं की दिवाळीपर्यंत करून बघू.

कार्डही परत आणलं, पण वेगळं. चौकोन फक्त तीन, आणि हिशेब पाहणारे पीटीचे सर, कारण त्यांच्याशी त्याचं बरं जमायचं. सकाळी दोन मिनिटं “आज काय जड जाणार?”, सुटताना दोन मिनिटं “कसं गेलं?” एवढंच. सर गप्पिष्ट नाहीत, ते पथ्यावर पडलं.

सप्टेंबर वाईट गेला. असं होतं. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आधी जास्त जोराने करून बघतं. एकदा मारामारी झाली, एकदा त्याने बाईंची खडूची पेटी पाण्यात बुडवली. मुख्याध्यापक दाखला हातात द्यायच्या तयारीला आले होते. ऑक्टोबरच्या मध्यावर शेरे आठवड्याला एकावर आले. आलेख-वहीत ठिपका अठ्ठेचाळीसवर, दिवाळीच्या सुट्टीत परत चाळीसवर, आणि जानेवारीत सत्तरच्या पुढे.

लिहिणं मात्र तेवढं सुधारलं नाही. नेमाने पाच महिने शिकवूनही शुद्धलेखन आणि उतरवणं इतकं मागे राहतंय, तेव्हा हा निव्वळ राहून गेलेला अभ्यास नाही अशी शंका घेणं भाग होतं. म्हणून सरकारी रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं कायम जड जाण्याच्या, तपासणीसाठी नाव नोंदवलं. तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा दहावीची वाट बघत बसू नये. महाराष्ट्राने या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात केली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशी मदत मिळते. वडिलांना ‘दिव्यांग’ हा शब्द लागला. त्यांच्याशी त्यावर तीन वेळा बोलावं लागलं, आणि चष्म्याचा विषय तेव्हा निघाला. त्यांनीच काढला.

आता मूळ प्रश्नाकडे. ताई, शाळा बदलून किंवा होस्टेलला टाकून वाचनाची अडचण मागे राहत नाही, ती दप्तरातून बरोबर जाते, आणि तिथे ती ओळखणारं कुणी नसतं. आधी दुसरीच्या पातळीची, मुलाने न पाहिलेली गोष्ट त्याला वाचायला द्या, घरात इतर कुणी नसताना, आणि चुकलं तरी चेहरा सरळ ठेवून. मग वर्गशिक्षिकांना भेटून ‘काय करतो’ याऐवजी ‘कुठल्या तासाला करतो’ हे विचारा. गोष्ट त्याने सहज वाचली तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल, मोठ्या मुलांची दादागिरी, घरातली भांडणं, झोप, उदासपणा, आणि मग समुपदेशकाला भेटाच. आठवीची धास्ती रास्त आहे. २०२३ च्या बदलानंतर आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, पुनर्परीक्षेतही राहिला तर मूल त्याच वर्गात बसतं. पण त्यासाठी शाळेतून काढून टाकता येत नाही. तुमच्या हातात अजून महिने आहेत.

ओंकारच्या आईचा फेब्रुवारीत मला फोटो आला. सूचना-वहीचं पान, लाल पेनाचा शेरा: “शेजारच्याशी सतत गप्पा मारतो. गृहपाठ अर्धवट.” खाली त्यांचा व्हॉइस मेसेज, हसून हसून बोलता येत नव्हतं. “मॅडम, हे मी नाही वाचलं, त्यानेच वाचून दाखवलं. आणि वर म्हणतो, ‘सतत’ नाही, अधूनमधून!”