कालव्याकाठी व्हॅनमध्ये राहायची सवय किती दिवसांत होते?

तुम्ही विचारलंय की फ्रान्समध्ये कालव्याच्या काठाने कॅम्परव्हॅनमधून तीन आठवडे काढायचेत, तर त्या राहणीची सवय व्हायला किती दिवस लागतात आणि नवरा-बायकोत भांडणं होतात का. भांडणं होतात. सवय आम्हाला पाचव्या दिवशी झाली. निघण्याआधी मी वहीत रोजचा वेगळा मुक्काम लिहून ठेवला नसता, तर आधीच झाली असती.

आम्ही जर्मनीत राहतो. भाड्याची व्हॅन घेऊन बरगंडी कालव्यावर गेलो होतो. आपल्याकडे कालवा म्हटला की उसाला पाणी आठवतं, पण हा बोटींसाठी खणलेला आहे, म्हणजे पाण्याचा जिनाच म्हणा ना. त्याच्या पायऱ्या म्हणजे लॉक: दोन्हीकडे दारं असलेले हौद, त्यांत पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात. योन नदीपासून लॉकमागून लॉक चढत पुयी गावाशी ३७८ मीटर उंचीवर जातो, तिथे सव्वातीन किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगराखालून निघतो आणि पलीकडे सोन नदीपर्यंत उतरतो. एकूण २४२ किलोमीटर, १८९ लॉक. १८३२ साली सुरू झाला. मालाच्या बोटी आता जवळजवळ नाहीतच, सुट्टीवर आलेली माणसं असतात. एका लॉकमधून बोट काढायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि दुपारी जेवायच्या वेळी लॉकवाला जेवतो. बोट थांबते.

अशा पाण्याशेजारी आम्ही रोज ऐंशी किलोमीटर गाडी हाकत होतो! व्हॅन हलवायची म्हणजे भांडी बंद करा, फ्रीजला कडी लावा, वायर गुंडाळा, पायरी आत घ्या, असा अर्धा तास जातो. नव्या जागी पोचलं की हेच उलट्या क्रमाने. पहिल्या रात्री चाकांखाली पाचरा लावायला विसरलो. व्हॅन तिरकी, त्यामुळे चूल तिरकी, भात एका बाजूला गाळ आणि दुसऱ्या बाजूला कच्चा. दुसऱ्या दिवशी मी घरच्यासारखी मनसोक्त आंघोळ केली आणि डोक्याला शाम्पू असतानाच टाकी संपली. नवरा बाहेरून म्हणाला, "पाणी जपून वापर." त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही बोललो नाही.

टाकी साधारण शंभर लिटरची होती. माझं बालपण सोलापूरकडचं, टँकरची वाट बघत गेलेलं. एका बादलीत आंघोळ, त्याच पाण्यात पायपुसणी धुवायची, हे सगळं मला येत होतं. फक्त जर्मनीच्या नळांनी विसरायला लावलं होतं. तिसऱ्या दिवशी तांब्या घेतला. प्रश्न सुटला. तुम्हाला पाणीकपातीची सवय असेल तर तुम्ही युरोपियन लोकांच्या पुढेच आहात.

संडासाची पेटी मात्र दोन-तीन दिवसांनी रिकामी करावीच लागते आणि ते काम कुणाचं, हे निघण्यापूर्वी ठरवा. व्हॅनमध्ये बसून ठरवू नका. त्यासाठी गावोगावी सोय असते: काही ठिकाणी नगरपालिकेची साधी, स्वस्त कॅम्पिंगची जागा, काही ठिकाणी नुसता थांबा आणि पाणी भरायचा खांब. खांबाला कधी नाणं लागतं, कधी टोकन, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा.

कालव्याच्या अगदी कडेने जी वाट दिसते, पूर्वी घोडे जिथून बोटी ओढत, तिच्यावर गाडी घालू नका. ती चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची. रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये, मनाईची पाटी नसेल तर, गाडीत झोपलेलं सहसा चालतं. खुर्च्या-टेबल बाहेर मांडलं की ते कॅम्पिंग झालं, ते नेमलेल्या जागीच करायचं.

चौथ्या दिवशी वांदनेस गावाशी थांबलो. समोर कालव्याचं रुंद बंदर, वर टेकडीवर शातोनफचा किल्ला. शेजारच्या व्हॅनमधल्या फ्रेंच आजोबांनी आमच्या चाकाकडे बघून न विचारता आपली पाचर आणून दिली. मी आधी "बोंझूर", म्हणजे नमस्कार, म्हटलं होतं, म्हणून असेल. तिथे दुकानात, लॉकवर, कुठेही आधी बोंझूर आणि मग काम. थेट प्रश्न विचारलात तर समोरचा माणूस दगड होतो.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. नवऱ्याने नकाशा उघडला, मी चहा टाकला, आणि दहा वाजेपर्यंत कुणीच फ्रीजला कडी लावली नाही. तिथे सहा रात्री राहिलो. सायकलने पुयीला गेलो. बोगद्यात बाजूला वाट नसल्यामुळे पूर्वी विजेवर चालणारी एक बोट तळाशी पडलेल्या साखळीला धरून बाकीच्या बोटी ओढून नेत असे. ती बोट तिथे ठेवली आहे, डोक्यावर जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी केलेलं छप्पर आहे. नवरा तिथे तासभर रमला. मी बाहेर बसून एपोआस चीज खाल्लं. त्याचा वास व्हॅनमध्ये दोन दिवस राहिला, त्यामुळे माझ्या हिंगाच्या फोडणीबद्दलची तक्रार कायमची बंद झाली.

आता तुमच्या कामाचं. खेड्यात दुपारी बारा ते दोन बहुतेक सगळं बंद, रविवारी दुपारनंतरही तेच, सोमवारी पुष्कळ दुकानं उघडतच नाहीत. डाळ, तांदूळ, कांदे बरोबर असू द्या. व्हॅन जर्मनीतून घेतलीत तर गॅसची टाकी फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही, तिथल्या टाक्यांचं तोंड वेगळं असतं. भरलेली टाकी घेऊनच निघा. साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन साध्या कारच्या लायसन्सवर चालते. तुम्ही भारतातून येणार, तर आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. आणि तीन आठवड्यांत तीन-चार जागांच्या वर धरू नका. आमच्या वहीत अकरा होत्या, त्यांतल्या सात मी अजून पाहिलेल्या नाहीत.