आधी जमिनीवर उतरायला शीक

अगं, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ड्राफ्टचं, म्हणजे क्लब नव्या खेळाडू निवडतात त्याचं, नंतर बघू. पहिला हंगाम आहे ना तुझा, मग उडी मारल्यावर खाली कसं उतरायचं ते आधी शीक. मार्क घ्यायला, म्हणजे किक मारलेला चेंडू हवेतच झेलायला, उंच सगळ्याच उडतात; उतरताना गुडघा आत वळला की एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, फाटायची भीती, आणि मग जवळजवळ वर्षभर मैदानाबाहेर. या खेळात मुलींना ही दुखापत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतर. रोज वॉर्मअपमध्ये, कंटाळा आला तरी. ॲडलेडच्या एरिन फिलिप्सचा गुडघा महिला लीगच्या २०१९ च्या अंतिम सामन्यात, ॲडलेड ओव्हलवर ५३,०३४ प्रेक्षकांसमोर गेला. ती परत खेळली, पण त्यामागे किती महिन्यांचा घाम होता!

उशीर झाला असं मुळीच मानू नकोस. हीच एरिन बास्केटबॉलमधून आली तेव्हा ३१ वर्षांची होती, आणि २०१७ च्या पहिल्याच हंगामात लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

कच्च्या पायाने रोज किक मार. हँडबॉल, म्हणजे हाताने द्यायचा पास, मुठीनेच मार; चेंडू फेकलास तर फ्री किक समोरच्यांना.

शिक्षण सोडू नकोस. मेलबर्न क्लबची तेव्हाची कर्णधार डेझी पियर्स सुईणीचं काम करून खेळत होती. पगार आता बरेच सुधारलेत, पण करार संपायला वेळ लागत नाही. मंगळवारी सरावाला ये, उतरण्यापासूनच सुरू करू.