जुनी ॲडव्हेंचर बाईक घेताय? आधी एवढं बघा

पहिलीच असेल तर सीसीच्या आधी सीटची उंची बघा. रॉयल एन्फील्ड हिमालयन ४११ ची ८०० मिमी, जुन्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची ८५५. नाशिकच्या हर्सूलकडच्या खडीवर थांबताना पाय नीट टेकला नाही, तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

मालकाला आधीच सांगून ठेवा, इंजिन गरम करू नका; गाडी थंड असताना कशी सुरू होते तेच बघायचंय. सायलेन्सरजवळ हात नेऊन खात्री करा, मगच स्टार्टर मारा. पुढे:

- पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खटका लागला तर कोनसेट (हँडल फिरवणारं बेअरिंग) गेलाय.
- फोर्कच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) नळीवर तेलाचा ओला पट्टा म्हणजे ऑइल सील फुटलंय.
- स्पोक पान्याने वाजवा, बद्द आवाजाचा सैल असतो. रिमची कड कुठे चेपलीय का, बोटाने चाचपा.
- बॅश प्लेटवर (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यावर) ओरखडे चालतील. इंजिनच्या केसिंगला चीर किंवा वेल्डिंग असेल तर सरळ परत फिरा.

नवखे हमखास फसतात ते सामानाच्या पेट्या आणि फॉग लाइटला भुलून. त्या लाइटसाठी वायरिंग कापलंय का, ते सीट उघडून बघा. टायर आणि चेन-स्प्रॉकेटचे पैसे बाजूला ठेवूनच भाव करा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

सस्पेन्शनची सेटिंग नंतर. आधी पेठ रोडला चालवून या.