गुडघ्यावरचा लाल दिवा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं लाल दिव्यांबद्दल आहेत. लाल दिवा म्हटलं की आपल्याला मंत्र्याची गाडी आठवायची. 2017 मध्ये तो गाड्यांवरून उतरला आणि आता, दिसतंय असं, उपचार म्हणून घराघरांत शिरलाय. मिरजेत 31 वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यामुळे या दिव्यांशी माझी जुनी ओळख आहे. चांगली आणि वाईट, दोन्ही.

प्रश्न : ताई, माझं वय 63. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. अमेरिकेतल्या मुलाने लाल दिव्यांचं पॅनेल पाठवलं आहे. त्यावर 660 आणि 850 अशी दोन बटणं आहेत. 850 चं दाबलं तर काहीच उजळत नाही. अर्धं बिघडलेलं आलंय का? मी रोज अर्धा तास बसते, मैत्रीण म्हणते तास तरी बस. सूनबाई म्हणते यातून ड जीवनसत्त्वही मिळतं. मला 14 वर्षं मधुमेह आहे. — एक वाचक, कऱ्हाड

बिघडलेलं नाही, मुलाला फोन करून रागवू नका. ते आकडे नॅनोमीटरचे आहेत, म्हणजे प्रकाशाच्या लहरीची लांबी. 660 चा प्रकाश लाल दिसतो. 850 चा आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्याला अवरक्त म्हणतात. खात्री करायची असेल तर मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा उघडा आणि पॅनेल त्याच्यासमोर धरा. बहुतेक फोनमध्ये दिवे फिकट जांभळट चमकताना दिसतील. टीव्हीच्या रिमोटचं पुढचं टोक असंच बघा, बटण दाबलं की तेही चमकतं.

या दोन प्रकाशांना तुम्ही आधीच भेटला आहात. करोनात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आठवतो? त्यात 660 चा लाल आणि 940 चा अवरक्त असे दोन दिवे असतात. हे निवडण्याचं एक कारण म्हणजे ते बोटातून आरपार जातात. निळा-हिरवा प्रकाश रक्तात आणि कातडीत तिथल्या तिथे शोषला जातो. अंधारात मोबाइलची टॉर्च बोटाखाली धरा, पांढरा प्रकाश आत जातो आणि बोट लालभडक दिसतं. तेवढाच रंग पलीकडे पोहोचतो. पण बोट ते बोट आणि गुडघा तो गुडघा. आत जाता जाता हा प्रकाश झपाट्याने विरत जातो. वाटीच्या मागे, सांध्याच्या पोकळीत पोहोचतो तो अगदी थोडा.

उपयोग होतो का? ही विद्या सापडली तीच अपघाताने. 1967 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर हे शल्यचिकित्सक उंदरांच्या अंगातल्या ट्यूमरवर, म्हणजे गाठीवर, लाल रूबी लेझरचे प्रयोग करत होते. ट्यूमरला काही झालं नाही, कारण लेझर फारच क्षीण होता. पण जिथे केस भादरले होते तिथे ते भराभर उगवले. तेव्हापासून शोध चालू आहे. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतलं ऊर्जाघर, त्यात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते हा प्रकाश शोषतं आणि पेशीची ऊर्जा वाढते, असं आज बहुतेकांचं म्हणणं आहे. यावरही वाद आहेत, पण ते प्रयोगशाळेतल्या लोकांनी करावेत.

गुडघेदुखीवर अशा लेझरच्या 22 प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण 2019 मध्ये आलं. डोस बरोबर असेल तर वेदना कमी होतात, असं त्यात दिसलं. आता त्यातला 'डोस बरोबर असेल तर' हा तुकडा घ्या. पाक एकतारी असताना उतरवला तर लाडू होतात, विसरलात तर दगड. इथेही तसंच आहे. कमी प्रकाशाने काही होत नाही, मधल्या मात्रेत गुण येतो आणि त्यापुढे गेलात तर आलेला गुणही जातो. म्हणून मैत्रिणीचा एक तास नको.

हिशोब करून बघू. पॅनेलच्या पुस्तिकेत चौरस सेंटिमीटरला 100 मिलिवॅट लिहिलं असेल (असंच लिहिलेलं असतं, आणि हा आकडा अनेकदा फुगवलेला असतो), तर अर्ध्या तासात चौरस सेंटिमीटरवर 180 ज्यूल (हे ऊर्जेचं माप) होतात. दवाखान्यात आम्ही लेझरचा प्रोब कातडीला टेकवून, गुडघ्याभोवतीच्या ठरावीक बिंदूंवर, एका बिंदूला 4 ते 8 ज्यूल देतो. दोन्हींची तुलना नेमकी होत नाही, कारण लांब ठेवलेल्या पॅनेलचा बराच प्रकाश कातडीवरून परततो. तरी तुम्ही जास्तच करताय हे लक्षात येईल. दहा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा, एक महिना. फरक पडला तर ठीक. नाही पडला तर पॅनेल गुंडाळून ठेवा. पण रोजचा व्यायाम मात्र सोडू नका. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. गुडघ्याला सावरणारा स्नायू त्यानेच तयार होतो, प्रकाशाने नाही.

सूनबाईंना सांगा, ड जीवनसत्त्व लाल प्रकाशातून मिळत नाही. ते अतिनील-बी किरणांनी तयार होतं, आणि सकाळी सातच्या कोवळ्या उन्हातही ते किरण फार थोडे असतात.

आता मधुमेह. हे मी कधी विसरत नाही. दवाखाना सुरू केला त्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे शेकायचा मोठा लाल बल्ब असायचा. तो हा प्रकाश नव्हे. त्याचा उपयोग उष्णतेचा, बाळंतिणीच्या खाटेखालच्या शेगडीसारखा. गुऱ्हाळावर काम करणारे एक काका आले, पाय जड वाटतात म्हणाले. मी बल्ब लावला. "काय बी लागंना बघ. जरा जवळ घे की, पोरी." मी घेतला. दुसऱ्या दिवशी तळव्यावर बंद्या रुपयाएवढा फोड. मधुमेहाने त्यांच्या पायाची जाणीवच गेली होती, आणि मी ती तपासली नव्हती. जखम भरायला दोन महिने लागले. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही, उलट ढेप आणून दिली. ती खाववली नाही.

तुमचं पॅनेल त्या बल्बइतकं तापत नाही, पण जवळ ठेवलं तर कोमट नक्की होतं. आधी डॉक्टरांकडून तळव्यांची जाणीव तपासून घ्या, नायलॉनच्या तंतूने ती दोन मिनिटांत तपासतात. बधिरपणा असेल तर पावलांवर हे लावायचं नाही. आणि दिव्यांकडे बघायचं नाही, चश्मा लावला तरी.

प्रश्न : यजमानांच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आता रेडिएशन सुरू होणार. रुग्णालयात म्हणतात तोंडात रोज लाल लेझर देऊ. शेजारी म्हणतात लेझरने रोग भडकतो. काय करू? — एक भगिनी, इचलकरंजी

घ्या. हे मी एरवी इतक्या ठामपणे म्हणत नाही.

जाहिरातीत न दिसणारा हा उपयोग पुराव्याने मात्र सगळ्यांत भक्कम आहे. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड येतात, पाणी गिळणंसुद्धा अवघड होतं, वजन उतरतं, नाकातून नळी घालावी लागते. कधी उपचारच मध्ये थांबवावे लागतात, आणि ते सर्वांत वाईट. रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून ठरावीक मात्रेत लाल लेझर दिला तर हे फोड कमी आणि सौम्य येतात. कर्नाटकातल्या संशोधकांनी 221 रुग्णांवर केलेला प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरा लेझर, निम्म्यांना नुसता दिखाव्याचा. ज्यांना खरा मिळाला त्यांचा त्रास स्पष्ट कमी होता. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने 2018 मध्ये आणि पुढे कर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही याची शिफारस केली. तंबाखूने आपल्याकडे तोंडाचे इतके कर्करोग होतात, तरी हे किती जणांच्या कानावर असतं?

शेजाऱ्यांची शंका वेडगळ नाही. पेशींना ऊर्जा मिळते तर वाईट पेशींनाही मिळेल, असं कुणालाही वाटेल. म्हणूनच गाठ जिथे शिल्लक असेल त्या जागेवर थेट प्रकाश देत नाहीत. आतापर्यंत ज्या रुग्णांचा पाठपुरावा झाला त्यांच्यात रोग परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. डॉक्टरांना एवढं विचारा : कोणत्या जागा वगळणार? बाजारातलं पॅनेल आणून घरी तोंड उघडून बसणं, हा त्यावरचा पर्याय नव्हे.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो. सिंगापूरचा मेहुणा म्हणतो, चीनमध्ये मुलांना लाल प्रकाशात बघायला लावून नंबर थांबवतात. यंत्र मागवू का? — एक पालक, पुणे

नको.

मेहुण्यांनी ऐकलंय ते खरं आहे. चीनमधल्या 264 मुलांवरचा प्रयोग 2022 मध्ये आला. 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश, दिवसातून दोनदा तीन-तीन मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. डोळा लांबट होत गेला की नंबर वाढतो. वर्षभरात ही डोळ्याची लांबी इतर मुलांपेक्षा बरीच कमी वाढली : 0.38 मिलिमीटरऐवजी 0.13. पण पुढच्याच वर्षी बारा वर्षांच्या एका मुलीची बातमी आली. पाच महिने यंत्र वापरल्यावर तिच्या दृष्टिपटलाला इजा झाली, नजर उतरली आणि पुढे ती अंशतः परत आली. 2024 मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी दोन यंत्रं मोजली, तर तीन मिनिटं टक लावून बघणं सुरक्षेच्या मर्यादेला टेकतं किंवा ती ओलांडतं. त्याच वर्षी जुलैपासून चीनने ही यंत्रं सर्वांत जोखमीच्या वर्गात टाकली. वापर थांबवला की नंबर पुन्हा वेगाने वाढतो, अशीही निरीक्षणं आहेत.

मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि कमी मात्रेच्या ॲट्रोपीनच्या थेंबांबद्दल विचारा. रोज दोन तास घराबाहेर, मैदानावर. पुण्यात मैदान शोधणं यंत्र मागवण्यापेक्षा अवघड आहे, मान्य.

प्रश्न : वांगासाठी लाल दिव्यांचा चेहऱ्याचा मास्क 12 हजारांना घेतला. किती दिवसांत जातील? — सोलापूर

जाणार नाहीत, गडदही होऊ शकतात. या मास्कने पुरळ आणि बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात. वांग मात्र उष्णतेने आणि उजेडाने चिडतात, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ते जास्तच. त्याऐवजी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन त्वचातज्ज्ञांना विचारून घ्या. मास्क परत करायची मुदत दहाच दिवस आहे असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून अंक छापायची वाट न बघता व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. केलात ना परत?