डिस्चार्ज बुकातले आबा

प्रश्न : माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. 1971च्या लढाईत ते जंगी पलटणीत होते, एवढंच आम्हाला ठाऊक. लढाईचा विषय ते काढू देत नसत. पेन्शनवर आल्यावर मात्र आम्हा भावंडांची शिक्षणं, आईचं आजारपण, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. घरातले आबा आम्ही लिहू, पण फौजेतले आबा कुठून आणायचे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होतो. जवानांचे कागद लिहिण्यात माझी नोकरी गेली. म्हणून आधी हेच सांगतो की पुस्तिकेचे असे दोन भाग पाडू नका. फौजेच्या कागदांतसुद्धा तुम्ही सगळे आहात.

डिस्चार्ज बुक शोधा. आईंच्या पेन्शनच्या कागदांबरोबरच ठेवलेलं असेल. भरतीची आणि निवृत्तीची तारीख, हुद्दा, पदकं हे त्यात मिळेल, आणि कुटुंबाचा तपशीलही. तो तपशील तिथे आपसूक येत नाही. लग्न झालं, मूल झालं की जवान ऑफिसात येऊन कळवतो, मग ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते आणि ती नोंद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात त्याच्या नावावर चढते.

त्यासाठी माझ्या टेबलासमोर उभे राहिलेले जवान मला अजून दिसतात. हातात घरून आलेलं निळं आंतर्देशीय, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. जन्मतारीख विचारली की तोंडपाठ असूनही पत्र पुन्हा उघडायचे, ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवायचे. मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर तपासायचे. स्पेलिंग चुकलं तर पुढे पोराचं अडेल, ही धास्ती. मूल पाहायला अजून कित्येक महिने असायचे, पण त्याचं नाव बिनचूक लागलं पाहिजे! तुमचंही नाव असंच कुणा क्लार्कसमोर उभं राहून आबांनी लिहवून घेतलं असणार. ऑर्डरची तारीख मिळाली तर तुमच्या जन्मतारखेशेजारी ठेवून पाहा. मधले दिवस पत्र वाटेत होतं, नाहीतर आबा ऑफिसपासून लांब कुठल्या तरी चौकीवर होते.

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. जवानाचा संसार सुट्टीत चालतो. साठ दिवसांची वार्षिक सुट्टी आणि वरची किरकोळ रजा, एवढ्यात घराचं छप्पर, बहिणीचं लग्न, आईबापाचं दवाखान्याचं सगळं उरकायचं असतं. आईंना ‘आबा कसे होते?’ असं विचारू नका, त्याला कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. ‘धाकटा झाला त्या वर्षी सुट्टी कधी मिळाली होती? त्या सुट्टीत काय काय केलं?’ असं विचारा. एका सुट्टीवरून दुसरी आठवत जाईल. माझ्या मते पुस्तिकेचा कणा हाच ठेवा.

जुनी पत्रं असतील तर वरच्या पत्त्यावर विसंबू नका. ‘मार्फत 56 ए.पी.ओ.’ किंवा ‘99 ए.पी.ओ.’ एवढंच असतं, ठिकाण मुद्दामच लिहीत नाहीत. आत मात्र थंडीचा, पावसाचा उल्लेख सापडतो, आणि मनीऑर्डर पोचली का, ही विचारणा तर हमखास.

आता लढाई. पदकं काढून बघा. ‘पूर्वी स्टार’ असेल तर आबा पूर्वेच्या आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेच्या. जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, त्या डिसेंबरात पूर्वेला, आजच्या बांगलादेशातल्या ब्रह्मपुत्रेकाठच्या जमालपूरला होती. नदी ओलांडून पलटणीने शहराच्या दक्षिणेला ढाक्याचा रस्ता अडवला होता. 10 डिसेंबरच्या रात्री आतल्या पाकिस्तानी फौजेने तो मोर्चा फोडून निसटायचा प्रयत्न केला, मराठ्यांनी तो उधळून लावला. 11 तारखेला जमालपूर पडलं आणि 16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली.

हे पुस्तिकेत जरूर घ्या, पण ‘आबांची पलटण तिथे होती’ असंच लिहा. त्या रात्री ते खंदकात होते, लंगरवर (पलटणीच्या स्वयंपाकघरात) होते की सिग्नलच्या सेटवर, हे त्यांच्या बरोबरीचा माणूस सांगेल तेव्हाच पुढचं वाक्य लिहा. जे आबांनी स्वतः सांगितलं नाही, ते त्यांच्या तोंडी घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. पलटणीच्या स्थापनादिनाला माजी सैनिक जमतात, तिथे चौकशी करा. तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही पलटणीच्या निवृत्त लोकांचा ठावठिकाणा लागू शकतो. वेळ दवडू नका, ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत.

आबांच्या नोंदी मागण्यासाठी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज आईंच्या सहीनेच पाठवा. आबांचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव लिहा, सोबत पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. नंबर सापडत नसेल तर 1971च्या लढाईसाठी मिळालेल्या संग्राम मेडलची कड उजेडात धरून पाहा, नंबर आणि नाव तिथे कोरलेलं असतं.