जर्मन सिल्व्हर म्हणून गेलेल्या महालक्ष्म्या

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. महालक्ष्म्यांचे जुने मुखवटे होते, सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचे. दोन वर्षांपूर्वी फायबरचे नवे आणले, तेव्हापासून जुने ट्रंकेत होते. आम्ही बाहेर असताना दोघे जण ‘जुनी समई, भांडी आहेत का’ विचारत आले आणि ‘हे जर्मन सिल्व्हर, चांदी नव्हे’ असं सांगून ७८ वर्षांच्या सासूबाईंकडून मुखवटे व एक समई ९,००० रुपये रोख देऊन घेऊन गेले. आता तेच मुखवटे एका अँटिकच्या दुकानात दिसले. चिठ्ठीवर ‘होळकरकालीन, शुद्ध चांदी’, किंमत पावणेदोन लाख. सासरे हयात नाहीत. दीर देवासला, नणंद पुण्याला. मुखवटे परत मिळतील का?

उत्तर : ताई, मिळू शकतात, पण आधी घाई करा. फसवून केलेला सौदा आपोआप रद्द होत नाही. जो फसला त्याने ‘रद्द केला’ असं कळवावं लागतं. त्याआधी दुकानदाराने मुखवटे एखाद्या प्रामाणिक, अजाण गिऱ्हाइकाला विकले, तर वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम २९ प्रमाणे त्याची मालकी पक्की होऊ शकते. म्हणून सासूबाईंच्या नावाने वकिलाची नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या, आणि ९,००० रुपये परत द्यायला तयार आहोत हे तिच्यात लिहा. ते पैसे खर्चू नका.

नोटिशीची सुरुवात ‘एवढी महागाची वस्तू नऊ हजारांत नेली’ अशी करू नका. बहुतेक जण तिथेच अडकतात. करार कायदा, १८७२ च्या कलम २० मध्ये साफ म्हटलंय की किमतीबद्दलचा गैरसमज ही वस्तुस्थितीबद्दलची चूक नव्हे. व्यापाऱ्याला जास्त कळत होतं आणि तो गप्प बसला, एवढ्यावर सौदा मोडत नाही. पण हे लोक गप्प बसले नाहीत. धातू कोणता ही वस्तुस्थिती आहे, आणि तीच खोटी सांगितली. ‘चांदी आहे हे आम्हाला नंतर कळलं’ असं ते म्हणतील. म्हणू देत; अजाणता चुकीचं सांगितलं तरी कलम १८ व १९ प्रमाणे सौदा रद्द करता येतो. फक्त तेव्हा ‘सराफ्यात नेऊन तपासून का नाही घेतलं?’ हा प्रश्न विचारला जाईल. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं ठरलं, तर तो बचाव चालत नाही. म्हणून चिठ्ठीसकट मुखवट्यांचा फोटो आजच काढा, आणि ज्या फोनवर काढाल तो जपून ठेवा. मागच्या वर्षांचे महालक्ष्म्यांचे फोटो, चांदी उजळून घेतल्याची पावती, मुखवट्यावरची एखादी ओळखीची खूण, सगळं गोळा करा.

दुसरा मुद्दा मालकीचा. मुखवटे सासऱ्यांकडचे, म्हणजे त्यांच्यामागे सासूबाईंबरोबर तुमचे यजमान, दीर आणि नणंद यांचाही हिस्सा. एकट्या सासूबाई ते सगळे विकू शकत नव्हत्या. (मुखवटे सासूबाईंच्या माहेरचे असते, तर हा मुद्दा गळाला असता.) ‘आम्ही सद्भावनेने घेतले’ हे उत्तर खोटं बोलून मुखवटे नेणाऱ्यांच्या तोंडी शोभणार नाही. नोटिशीवर सासूबाईंबरोबर यजमान, दीर, नणंद या तिघांच्याही सह्या हव्यात. दिराशी अबोला असेल तर तो आधी सोडवा.

मुखवटे शंभर वर्षांहून जुने ठरले, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली अशा वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. तो आहे का, हे नोटिशीतच विचारा. या प्रश्नाने दुकानदार नरम पडतात असा माझा अनुभव.

पोलिसांत फसवणुकीची लेखी तक्रार द्या (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८), पण तेवढ्यावर विसंबू नका. वस्तू हलवू नये म्हणून दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम मागावा लागेल. दाव्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे, मात्र मुखवटे तोवर दुकानात थांबणार नाहीत.

आणि सासूबाईंना बोल लावू नका. तुमच्या एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार त्याच आहेत. कोण आलं, नेमके काय शब्द वापरले, ते आजच त्यांच्याकडून शांतपणे लिहून घ्या.